आजोबांची ‘हैदराबाद बँक’

मुलांनो, हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीच्या बाजारात एखाद्या आजोबांना विचारून बघा, “आजोबा, स्टेट बँक कुठं आहे हो?” ते कदाचित उलट तुम्हालाच विचारतील, “कोणती? हैदराबाद बँक का?” तुम्ही पाटी शोधत फिराल, पण त्या नावाची पाटी काही सापडायची नाही. कारण ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. पाटी बदलली, पासबुक बदललं; आजोबांच्या तोंडातलं नाव मात्र तेच राहिलं.

आता गंमत बघा. हैदराबाद तेलंगणात आणि हिंगोली महाराष्ट्रात. मग तिथली बँक इथं कशी आली? या एका प्रश्नाचं उत्तर शोधू लागलो, की साऱ्या देशात बँकेच्या शाखा कुठे निघतात आणि कुठे निघत नाहीत, याचं कोडं उलगडायला लागतं.

भारतीय स्टेट बँकेच्या आज देशात २२ हजारांहून अधिक शाखा आहेत. समजा, भिंतीवर भारताचा मोठा नकाशा लावला आणि प्रत्येक शाखेसाठी एक टाचणी टोचली. टाचण्या सारख्या अंतरावर बसतील का? मुळीच नाही. कुठे नुसती गर्दी, तर कुठे बोटभर मोकळी जागा. या टाचण्या पावसासारख्या आभाळातून पडलेल्या नाहीत. प्रत्येक टाचणीमागे कुणाचा तरी निर्णय आहे.

जिथे राज्य, तिथे बँक

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा परभणी जिल्ह्याचा भाग होता. तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. निजामाच्या राज्यात नाणंही वेगळं. त्याला म्हणत ‘हाली शिक्का’. इंग्रजी मुलखातला रुपया तो ‘कलदार’. या हाली चलनाचा आणि सरकारी पैशाचा कारभार पाहण्यासाठी १९४१ साली कायदा करून ‘हैदराबाद स्टेट बँक’ स्थापन झाली. हैदराबादच्या गनफाउंड्री भागात ५ एप्रिल १९४२ रोजी तिचं काम सुरू झालं.

हिंगोलीच्या उत्तरेला पैनगंगा वाहते. नदीच्या अल्याड निजामाचा मुलूख आणि पल्याड इंग्रजांच्या कारभारातलं वऱ्हाड. म्हणजे नदी ओलांडली की चलन बदलायचं! ७ हाली रुपये म्हणजे ६ कलदार रुपये, असा हिशोब होता. मग सांगा पाहू, हिंगोलीचा एखादा व्यापारी ७० हाली रुपये घेऊन वाशीमला गेला, तर त्याच्या हाती कलदार किती यायचे? बरोबर, ६०.

१९५६ साली रिझर्व्ह बँकेने ही बँक ताब्यात घेतली आणि तिचं नाव ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ झालं. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली. हैदराबाद राज्य संपलं आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. पण सरहद्द बदलली म्हणून बँकेची इमारत उठून दुसरीकडे जात नाही! मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटकाचा उत्तर भाग या तिन्ही तुकड्यांत तिच्या शाखा दाट राहिल्या.

असंच इतरत्रही झालं. म्हैसूर, त्रावणकोर, पतियाळा, बिकानेर आणि जयपूर या संस्थानांची नावं घेतलेल्या बँकाही २०१७ सालीच स्टेट बँकेत आल्या. प्रत्येकीच्या जुन्या शाखांना वेगळ्या रंगाची टाचणी लावा. जुन्या संस्थानांचा नकाशा तुमच्यासमोर उभा राहील.

बँकेला बाजार का आवडतो?

शाखा काढायची म्हणजे जागेचं भाडं, तिजोरी, व्यवस्थापक, रोखपाल, शिपाई असा सगळा खर्च आला. तो निघतो कशातून? लोक पैसे ठेवतात, त्यावर बँक कमी व्याज देते. तेच पैसे कर्जाऊ देते आणि त्यावर जास्त व्याज घेते. मधल्या फरकातून खर्च भागतो. म्हणून जिथे पैशाची ये-जा मोठी, तिथे बँकेला बरं वाटतं.

हिंगोली आणि वसमत या हळदीच्या मोठ्या बाजारपेठा. वसमतच्या हळदीला तर २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. हळदीचा हंगाम आला की गाड्या येतात, लिलाव होतात, शेतकऱ्याला पट्टी मिळते. हा पैसा कुठेतरी ठेवावाच लागतो. अशा गावी बँक आपण होऊन येते. पण सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यातल्या आडवळणाच्या वाडीचं काय? तिथे गिऱ्हाईकं थोडी, रकमा लहान. नुसता नफा पाहिला तर तिथे टाचणी टोचायला कोण येणार?

शंभरातला एक रुपया

हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर लगेच पुढे आला. १९५१-५२ साली देशभरातल्या खेड्यांची मोठी पाहणी झाली. शेतकरी १०० रुपये उसने घेत असेल, तर त्यातले सुमारे ७० रुपये सावकारांकडून येत होते आणि व्यापारी बँकांकडून जेमतेम १ रुपया! सरकारला हे खटकलं. १ जुलै १९५५ रोजी जुन्या इम्पीरियल बँकेतून भारतीय स्टेट बँक निर्माण झाली. तेव्हा तिची देशभरात अवघी ४८० कार्यालयं होती. तिला बजावण्यात आलं, की पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढायच्या. हैदराबाद बँकही १९५९ साली तिचीच उपबँक झाली.

१९ जुलै १९६९ रोजी आणखी १४ मोठ्या बँका सरकारच्या झाल्या. त्यांत आपली पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही होती. त्या वर्षी देशात सगळ्या बँकांच्या मिळून ८ हजारांहून थोड्या जास्त शाखा होत्या. एका शाखेमागे ६० हजारांहून अधिक माणसं! मग १९७७ साली एक मजेदार नियम आला. ज्या गावात आधीच बँका आहेत तिथे एक शाखा हवी असेल, तर बँक नसलेल्या गावांत आधी चार काढा. आई म्हणते ना, “आधी चार घास भाजीपोळी, मग एक लाडू”, तसंच हे! १९९० पर्यंत हा नियम चालला. तोवर देशातल्या शाखा ६० हजारांच्या घरात गेल्या होत्या आणि एका शाखेमागे सुमारे १४ हजार माणसं उरली होती.

अंतराची किंमत

तुम्ही म्हणाल, शाखा चार कोस दूर असली म्हणून काय बिघडलं? हिशोब करा. जूनच्या तोंडावर बियाणं, खत घ्यायचं आहे. पीककर्जासाठी बाबा बँकेत जातात. जायचं-यायचं एसटीचं भाडं, त्या दिवसाची बुडालेली मजुरी आणि एखादा कागद कमी पडला तर पुन्हा हेलपाटा. तिकडे पाऊस काही बाबांची वाट बघत थांबत नाही. सावकार मात्र गल्लीतच बसलेला असतो. त्याचं व्याज जबर, पण तो जवळ असतो. म्हणून टाचणी कुठे टोचली, याला महत्त्व आहे.

२००६ सालापासून बँकांना गावात प्रतिनिधी नेमता येऊ लागले. किराणा दुकानाशेजारच्या ‘ग्राहक सेवा केंद्रा’त अंगठा टेकवून पैसे काढता येतात. मोबाइलवरही पैसे पाठवता येतात. हेलपाटे पुष्कळ वाचले. तरी मोठ्या कर्जासाठी, तक्रारीसाठी किंवा आजीचा अंगठा यंत्राने ओळखला नाही म्हणजे पाय शाखेकडेच वळतात.

करून पाहा

तुमच्या तालुक्याचा नकाशा वहीत काढा. बँकेची शाखा असलेल्या प्रत्येक गावी लाल ठिपका द्या. बाजाराचं गाव, रेल्वे स्टेशन आणि तहसील कचेरी निळ्या रंगाने दाखवा. लाल आणि निळे ठिपके किती ठिकाणी जवळजवळ येतात, ते मोजा. मग लाल ठिपक्यापासून सगळ्यात लांबचं गाव शोधा. तिथल्या वर्गमित्राला विचारा, “तुमच्या घरचं माणूस बँकेत जाऊन परत यायला किती वेळ लागतो? भाडं किती पडतं?”

आणि हो, घरी आजी-आजोबांनाही विचारा, गावात पहिली बँक कधी आली? त्याआधी पैसे कुठे ठेवायचे? उत्तरं नकाशाखाली लिहून ठेवा. हा नकाशा कुठल्याही भूगोलाच्या पुस्तकात छापलेला नाही. तो तुम्हालाच काढायचा आहे.