समाजशास्त्र म्हणजे काय शिकायचे?

मुलगा कॉलेजात समाजशास्त्र घेतो म्हणाला, की घरातली वडील माणसे म्हणतात, "अरे, समाजात आम्ही जन्मभर राहतो, त्याचे शास्त्र ते काय शिकायचे?" प्रश्न रास्त आहे. उत्तर आपल्या महाडातच आहे.

1923 साली मुंबईच्या विधिमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. 1924 मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण तळे खुले झाले ते कागदावर! 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तेथे पाणी प्यायले, तेव्हा लोकांवर हल्ला झाला. पुढे खटला चालला, आणि 1937 साली उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला.

आता पाहा. वकील विचारील, ठराव काय होता? इतिहासकार विचारील, तो कधी झाला? समाजशास्त्राचा विद्यार्थी विचारतो, ठराव असूनही पाणी का मिळेना? लेखी हुकूम एक सांगतो आणि गाव दुसरेच करतो, ते कोणाच्या सांगण्यावरून? रूढीचे हे बळ शोधणे, हेच या शास्त्राचे काम. बाबासाहेबांनी 1916 सालीच न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला होता. जातीतल्या जातीत लग्न, हेच जातीचे मूळ, असे त्यांनी त्यात मांडले.

मुंबई विद्यापीठात हा विभाग 1919 साली पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला. 1924 पासून मालवणचे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो वाढवला. त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे गावोगाव हिंडल्या, नात्यागोत्याची माहिती त्यांनी माणसांकडून गोळा केली. म्हणजे नुसती पोथी वाचून भागत नाही, बरं का! माणसांत जावे लागते. विचारावे, मोजावे, ताडून पाहावे लागते.

गुरुजी, हा पाठ शाळेतही देता येईल. पोलादपूरकडच्या एखाद्या वाडीतून मुंबईला कोण गेले, कोणाच्या ओळखीने गेले, मागे शेत कोण करते, हे मुलांना घरोघर विचारून लिहायला सांगा. जो तो म्हणेल, "मी पोटासाठी गेलो." पण सगळ्यांची उत्तरे शेजारी शेजारी मांडलीत, तर एकट्याला न दिसणारी वाट दिसू लागेल. ती वाट दिसली, म्हणजे तुमचा विद्यार्थी समाजशास्त्राच्या उंबरठ्यावर आला म्हणून समजा.