सातारा ते सांगली, वीस मिनिटांत!

सातारा ते सांगली अंतर सुमारे 120 किलोमीटर. शरीरातल्या वेगवान मज्जातंतूतला संदेश सेकंदाला 100 मीटर धावतो, म्हणजे वीस मिनिटांत सांगलीत हजर! मायलिनचं वेष्टन नसलेल्या तंतूतून वेग सेकंदाला मीटरभर. सकाळी नऊला साताऱ्याहून निघालेला निरोप दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचणार.

हे मायलिन बहुतांशी चरबीचं, म्हणून मेंदूचा मायलिनवाला भाग पांढरा. गंमत म्हणजे एमआरआयच्या ‘टी-टू’ चित्रात निरोगी मोठ्या माणसाचा हा पांढरा भाग काळसर दिसतो आणि आजारी पडला की पांढरा. तान्ह्या बाळात मायलिन पुरतं तयार नसतं, त्यामुळे त्याचं चित्र बघायला वेगळी नजर लागते.

या पांढऱ्या भागाचे काही आजार एमआरआयवर आपली सही करून जातात. अ‍ॅलेक्झांडर आजार मेंदूत पुढून सुरू होतो, अ‍ॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी बहुधा मागून. मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफीत चक्क वाघाचे पट्टे उमटतात. चांदोलीत वाघ दिसला तर नशीब, पण हे पट्टे कुणाच्या वाट्याला न येवोत.

सगळ्यात चक्रावणारा आजार मात्र आपल्या मुंबईतून पुढे आला. डॉ. भीमसेन सिंघल यांनी 1991 मध्ये अगरवाल समाजातल्या मुलांमध्ये तो नोंदवला. पहिल्या वर्षातच डोकं मोठं होतं, एमआरआय बघून छातीत धस्स होतं, पण मूल समोर खेळत असतं! चालणं बिघडतं ते सावकाश, काही वर्षांनी. 1995 मध्ये नेदरलँड्सच्या मार्यो व्हॅन डर क्नाप यांनी एमआरआयवरून त्याचं सविस्तर वर्णन केलं आणि आजाराला नाव पडलं त्यांचंच. मुंबईवर जरा अन्यायच. 2001 मध्ये त्यामागचं ‘एमएलसी-वन’ हे जनुक सापडलं. बहुतेक अगरवाल रुग्णांत त्यातला बिघाड एकच निघाला, म्हणजे पूर्वज एकच.

मामाची मुलगी करायची रीत आपल्याकडे जुनी. अशा नात्यातल्या लग्नात आईवडील दोघांत एकच बिघाड लपलेला असू शकतो, आणि तसा असेल, तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता चारात एक. आधीच्या मुलाला असा आजार असेल, तर पुढच्या खेपेआधी जनुकीय सल्ला घ्यावाच.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, असतो चुंबक: दीड टेस्लाचा, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. म्हणून वाळे, बिंदल्या, करदोट्यातला ताईत, सगळं बाहेर. आजी रागावली तरी!

आणि कराड-मिरजेहून पुण्या-मुंबईला जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, एमआरआयची सीडीही न्या. पट्टे चित्रात दिसतात.