गणिताची गोळी

दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आल्या की पालक दबक्या आवाजात विचारतात, ‘एडीएचडीची (लक्ष न टिकण्याच्या, अतिचंचलतेच्या विकाराची) गोळी धडधाकट मुलाला दिली तर अभ्यास वाढेल का?’ या प्रश्नाचं मूळ १९३७ सालात आहे.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या एका बालमनोरुग्णालयात डॉ. चार्ल्स ब्रॅडली मुलांच्या मेंदूचे एक्स-रे काढत. त्यासाठी मणक्यातून पाणी काढून हवा भरावी लागे आणि मग मुलांची डोकी भयंकर ठणकत. पाणी लवकर भरून यावं म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन, म्हणजे अ‍ॅम्फेटामिन, देऊन पाहिलं. डोकेदुखी काही हटेना. पण शाळेत भलतंच घडलं! ३० पैकी १४ मुलांचा अभ्यास आठवडाभरात थक्क व्हावं इतका सुधारला. मुलांनीच या औषधाचं नाव ठेवलं ‘गणिताची गोळी’. उत्तेजक औषधानं चळवळी मुलं शांत कशी होतात, याचं ब्रॅडलींनाही नवल वाटलं. एवढं मोठं निरीक्षण, पण पुढची कित्येक वर्षं त्याकडे फारसं कुणी वळलं नाही. बालमानसोपचाराच्या इतिहासात या माणसाला मानाचं पान मिळायला हवं.

आज आपल्याकडे एडीएचडीसाठी दिलं जातं ते मिथाइलफेनिडेट. मेंदूतलं डोपामिन पेशींत परत शोषलं जाण्याची वाट ते अडवतं. कोकेनही तेच करतं! मग मुलांना हे द्यायचं कसं? मेंदूसंशोधक नोरा व्होल्को यांनी मेंदूची छायाचित्रं घेऊन दाखवलं की सगळा फरक वेगाचा आहे. तोंडावाटे घेतलेली गोळी मेंदूत तासा-दीड तासानं शिखर गाठते, शिरेतून टोचलेलं औषध काही मिनिटांत. रिमझिम पाऊस जमिनीत मुरतो, ढगफुटी माती खरवडून नेते. नशा येते ती ढगफुटीनं. म्हणूनच दिवसभर हळूहळू विरघळणारी गोळी चावू नये, कुटू नये.

डोस कमीपासून सुरू करून डॉक्टरच वाढवतात. गोळी सकाळी घ्यायची, नाहीतर झोप उडते. भूक मंदावते, त्यामुळे आधी पोटभर न्याहारी हवी. उंची, वजन, नाडी, रक्तदाब दर भेटीत मोजून घ्यावा. घरात कुणाला हृदयविकार असेल किंवा मूल कधी खेळताना चक्कर येऊन पडलं असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगावं. आपल्या कायद्यात हे औषध ‘शेड्यूल एक्स’मध्ये आहे: चिठ्ठीच्या दोन प्रती, त्यातली एक दुकानदारानं दोन वर्षं जपायची. हा जाच नाही, गैरवापर टाळण्याची खबरदारी आहे. घरीही गोळ्या कुलपातच ठेवा आणि एकाची गोळी दुसऱ्याला कदापि देऊ नका.

निदान झालेल्या मुलासाठी हे औषध मोठा आधार आहे. त्याला घाबरून ते नाकारणं मला अन्यायाचं वाटतं. पण धडधाकट मुलाचं काय? २०२३ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी ४० निरोगी तरुणांना अवघड कोडी घातली. मिथाइलफेनिडेट घेतल्यावर ते जास्त वेळ झटले, जास्त चाली खेळले, पण प्रत्येक चालीचा कस घसरला. एरवी सरासरीच्या वर असणारे बरेचसे तर गोळी घेतल्यावर सरासरीच्या खाली गेले.