वर्गातले नाटक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी, मामाच्या घरी वाढलेले गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. कर्ज, दारू, पशुबळी असे विषय त्यांनी याच रीतीने लोकांच्या गळी उतरवले. श्रोत्यांना सामील करून घेणारा असा संवाद हेही एक प्रकारचे नाटकच. शाळेत मात्र नाटक म्हटले की अजूनही स्नेहसंमेलनच आठवते.

गैरसमज: नाटक म्हणजे पोशाख, पडदा आणि पाठांतर.
वस्तुस्थिती: वर्गातल्या नाटकाला प्रेक्षक लागत नाहीत, सगळेच त्यात असतात. समजा, अमेरिकेत यादवी युद्ध (१८६१–६५) पेटले आहे आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आहे. एक मुलगी वऱ्हाडातली शेतकरी, एक मुलगा अडत्या, तिसरा मँचेस्टरचा गिरणीमालक. भाव कोण ठरवणार? युद्ध संपल्यावर चुकारा किती मिळणार? मुले घासाघीस करू लागली की तेजी-मंदीचे कारण वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

गैरसमज: भाषा-इतिहासाला ठीक, गणित-विज्ञानाला काय उपयोग?
वस्तुस्थिती: विदर्भातल्या शकुंतला या अरुंद रुळांच्या रेल्वेच्या रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर होते, मुंबई-हावडा मार्गाचे १६७६ आहे. शाळेच्या पटांगणात दोन्ही अंतरे खडूने आखा, मुलांना त्यांवरून चालवा आणि मोठे अंतर लहानाच्या किती पट, ते काढायला लावा. उत्तर सुमारे २.२ येते. विज्ञानाच्या तासाला ‘पृथ्वी’ झालेल्या मुलाने स्वतःभोवती गिरक्या घेत ‘सूर्य’ झालेल्या मुलाला फेरी मारली की परिवलन आणि परिभ्रमण यांची गल्लत होत नाही.

गैरसमज: हे फक्त ‘हालचालीतून शिकणाऱ्या’ मुलांसाठी आहे.
वस्तुस्थिती: मुलांचे असे प्रकार पाडून शिकवल्याने फायदा होतो, याला पुरेसा पुरावा नाही, असे मानसशास्त्रज्ञांनी २००८ मधल्या एका आढाव्यात दाखवून दिले. उलट, नुसत्या ऐकलेल्या कृतीपेक्षा स्वतः करून पाहिलेली कृती जास्त लक्षात राहते, हे स्मरणशक्तीवरच्या प्रयोगांत वारंवार दिसले आहे.

गैरसमज: गोंधळ होतो, अभ्यासक्रम मागे पडतो.
वस्तुस्थिती: काय शिकवायचे हे आधी पक्के असेल तर दहा मिनिटे पुरतात. टाळी वाजली की जागच्या जागी थांबायचे, एवढा नियम आधी घालून द्यावा. खेळानंतर चर्चा आणि वहीत चार ओळी लिहिणे मात्र हवेच. ते वगळले तर नुसती करमणूक उरते. कलेची सांगड घालून शिकवण्याची शिफारस राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही आहे.

शिक्षकांनी सगळे पुस्तक एकदम नाटकात बसवायला जाऊ नये. मुलांना हमखास अडतो तो एकच पाठ निवडावा आणि या आठवड्यात करून पाहावा.