आधी माथेरान, मग गाडी

विसाव्या शतकाच्या तोंडावर अमेरिकेतल्या ट्राम कंपन्यांना एकच घोर होता: कामाच्या दिवशी डबे भरतात, पण रविवारचं काय? मग त्यांनी मार्गाच्या शेवटच्या टोकाला बागा, पाळणे, नाचघरं उभारली. पिट्सबर्गजवळचं केनीवुड उद्यान असंच 1898 साली ट्राम कंपनीने काढलं. ते आजही चालू आहे.

दिवा स्थानकात थांबणारी कर्जत लोकल पकडून नेरळला उतरलं, तर नेमकी उलटी गोष्ट सापडते. इथे विहाराचं ठिकाण आधी, गाडी नंतर.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 साली माथेरानच्या पठारावर चढले, तेव्हा मुंबईतही आगगाडी नव्हती. दिव्यावरून जाणारा ठाणे-कल्याण मार्ग 1854 चा. मॅलेटनी वर बंगला बांधला, गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आले आणि साहेबांमागोमाग मुंबईचे धनिकही. नेरळपर्यंत रेल्वे आली, तरी पुढचा घाट घोड्यावर, पालखीत नाहीतर पायीच.

हा घाट रुळांनी जोडला अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी. पैसा वडिलांचा, आदमजी पीरभॉय यांचा. सुमारे 16 लाख रुपये! 22 मार्च 1907 रोजी गाडी सुरू झाली. दोन फुटी रूळ, वीसेक किलोमीटर वाट आणि चढ असा, की काही ठिकाणी 20 फुटांमागे एक फूट उंची गाठायची. तरीही दातेरी रूळ घातला नाही. डोंगराला वळसे घालत गाडी चढवली. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेलने खास इंजिनं दिली. तीव्र वळणांवर त्यांची चाकं थोडी आडवी सरकत.

वाटेत एकच छोटा बोगदा. त्याचं नाव ‘वन किस टनेल’. किती छोटा, ते नावावरून समजावं.

पावसाने मात्र या रुळांना कधी सोडलं नाही. 2005 च्या प्रलयात मार्ग वाहून गेला आणि 2007 मध्ये पुन्हा सुरू झाला. 2019 ला परत तेच, तेव्हा पूर्ण मार्ग खुला व्हायला ऑक्टोबर 2022 उजाडला.

मोटारी आजही माथेरानबाहेर दस्तुरी नाक्यालाच थांबतात. 2003 पासून माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये बजावलं.

टॅक्सीने दस्तुरी लवकर गाठता येते. मिनी ट्रेनला दोन तासांहून अधिक लागतात. तरी जाताना गाडीनेच जा. पावसाळ्यात नेरळहून ती बंद असते, एवढं ध्यानात ठेवा.