वर्गणी देशाची, कुलूप चांद्याला

निवृत्तीनंतर मुळशी तालुक्यातल्या चांद्यात राहायला आलो, तेव्हा मुळशी सत्याग्रहावर मिळेल ते वाचायचे ठरवले होते. राजेंद्र व्होरांचे पुस्तक हाताशी होते. पुढे धरणग्रस्तांविषयीचा एक इंग्रजी शोधनिबंध संगणकावर सापडला. सारांश फुकट, पुढचे वाचायचे तर चाळीस डॉलर. धरण आमच्या तालुक्यात, निबंध मात्र कुलपात.

हे कुलूप मला नवे नाही. तीस वर्षे मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. दर मार्चमध्ये नियतकालिकांच्या यादीला कात्री लावायची, हे ठरलेले काम. तरतूद तेवढीच, नाही तर कमी. डॉलर मात्र चढता. त्यात प्रकाशक हवे ते एक नियतकालिक सुटे देत नसत, नको असलेल्या ढिगासकट गठ्ठा घ्यावा लागे.

मुळात हा व्यवहारच मासलेवाईक आहे. निबंध लिहिणाऱ्याला मानधन नाही, तो तपासणाऱ्या तज्ज्ञालाही सहसा नाही. दोघांचे पगार बहुतेक वेळा सरकारी तिजोरीतून. तोच निबंध मग प्रकाशक विद्यापीठांना विकतो. हार्वर्डच्या ग्रंथालय सल्लागार समितीनेसुद्धा २०१२ मध्ये हा खर्च परवडेनासा झाल्याचे प्राध्यापकांना कळवले. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये एल्सव्हिअरशी करार मोडला. दोन वर्षांनी नव्या अटींवर तो पुन्हा झाला.

आपल्याकडे उपाय निघाला तो एकत्र खरेदीचा. २००४ मध्ये यूजीसी-इन्फोनेट आले, २०१५ मध्ये अशा तीन योजना मिळून ई-शोधसिंधू झाली. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केली : तीन वर्षांना ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था, जवळपास १.८ कोटी वाचक. गांधीनगरचे इन्फ्लिबनेट ती चालवते. भागाकार केला तर माणशी वर्षाला अकराशे रुपये पडतात. आमच्या काळी एका परदेशी नियतकालिकाला याच्या कितीतरी पट मोजावे लागत. जिल्ह्याच्या गावच्या सरकारी महाविद्यालयातली मुलगी आता आयआयटीतल्या मुलाइतकेच वाचू शकते, ही गोष्ट लहान नाही.

पण दार संस्थेच्या नावाने उघडते. खाजगी महाविद्यालये पहिल्या टप्प्यात नाहीत आणि माझ्यासारखा सुटा वाचक कुठेच नाही. डिसेंबर २०२० च्या विज्ञान धोरणाच्या मसुद्यात मात्र ही सोय प्रत्येक नागरिकासाठी कल्पिलेली होती. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने अनुदान मिळणारी हजारो सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्यांतल्या तालुक्याच्या एकेका ग्रंथालयात जरी एक संगणक या योजनेला जोडला, तरी पुष्कळ होईल. तीन वर्षांचा करार २०२७ अखेर संपतो; नव्या वाटाघाटींत ही मागणी घालायला हवी.

माझ्यापुरता प्रश्न जुन्याच पद्धतीने सुटला. लेखकाला ईमेल केली, चांद्याचा पत्ता खाली घातला. त्याच रात्री निबंध आला, सोबत एक प्रश्न : तुमच्या गावात धरणग्रस्तांची घरे अजून आहेत का?