मोकळी प्रणाली : कागदावर आणि हातात

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या हट्टा गावच्या परिसरातल्या एका दिवंगत शाहिराच्या मुलाने माझ्या हातात एक सीडी आणून दिली. “सर, आबाची समदी गाणी हायेत हिच्यात. येत्या चौदा एप्रिलला पुस्तक काढायचंय,” तो म्हणाला. ही गाणी सन २००० च्या सुमारास तालुक्याच्या एका छपाईकेंद्रात संगणकावर टंकलिखित झाली होती. पुस्तक मात्र पैशाअभावी राहून गेले. हस्तलिखित वह्यांपैकी बहुतेक पुराच्या पाण्यात गेल्या. उरली ती ही सीडी आणि तेव्हा छापून घेतलेली बारा पाने.

सीडी उघडली तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम आणि कंस यांचा निरर्थक ढीग दिसला. मराठीचे एक अक्षर नाही. ज्या फॉन्टमध्ये ही गाणी टंकलिखित केली होती तो फॉन्ट आमच्याजवळ नव्हता आणि बाजारात चौकशी करूनही मिळाला नाही. ज्या माणसाने आयुष्यभर डफावर थाप मारून वस्तीवस्तीला जागे केले, त्याचे शब्द आमच्या हातात होते आणि आम्हाला वाचता येत नव्हते. या प्रसंगाने मी संगणकाच्या प्रश्नाकडे वळलो. तोवर तो शहरातल्या लोकांचा प्रश्न आहे अशीच माझी समजूत होती. कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी तो समजून घ्यावा म्हणून हे लिहीत आहे.

हे घडले कसे? संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला फक्त आकडे कळतात. प्रत्येक अक्षरासाठी एक आकडा ठरलेला असावा लागतो. जुन्या मराठी फॉन्टांत तसा आकडा नव्हता. आतमध्ये इंग्रजी अक्षराचाच आकडा साठवला जाई आणि वर चित्र तेवढे ‘क’चे किंवा ‘म’चे काढले जाई. ज्या कंपनीचा फॉन्ट, तिची मांडणी. फॉन्ट गेला की चित्र गेले आणि खालचे परके अक्षर उघडे पडले. हजेरीपटात आपले नाव दुसऱ्याच्याच नावाखाली घातलेले असावे, तसा हा प्रकार. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक संहितेने देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा आकडा दिला. ‘क’चा आकडा २३२५. तो हट्ट्यात तोच, हैदराबादेत तोच आणि लंडनमध्येही तोच. तो कोणाच्या मालकीचा नाही. पण आमच्याकडची छपाईकेंद्रे त्यानंतर कितीतरी वर्षे जुन्या फॉन्टांवरच चालली. त्या काळात चळवळीची पत्रके, विशेषांक, स्मरणिका, कवितासंग्रह यांपैकी जे काही संगणकावर गेले, त्यातले बरेचसे आज आमच्या शाहिराच्या सीडीसारखेच मुके झाले आहे.

आमच्या अभ्यासिकेत त्या वेळी पाच जुने संगणक होते. एका कार्यालयाने मोडीत काढलेले. दुकानदाराने सांगितले, “यांवर नवी प्रणाली चालायची नाही, नवीन घ्या.” पैसे कोठून आणणार? अभ्यासिकेत येणारा एक महाविद्यालयीन विद्यार्थी म्हणाला, “सर, लिनक्स टाकून बघू.” येथून आमच्या उत्साहाला सुरुवात झाली.

लिनक्स म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. संगणकाचे यंत्र आणि आपण करतो ते काम यांच्यामध्ये एक कारभारी कार्यक्रम असतो, त्याला कार्यप्रणाली म्हणतात. बहुतेकांच्या टेबलावर ती विंडोज असते. ती एका कंपनीच्या मालकीची आहे. तिच्या आत काय लिहिले आहे ते पाहण्याचा, बदलण्याचा किंवा दुसऱ्याला देण्याचा हक्क वापरणाऱ्याला नाही. तिची कोणती आवृत्ती किती दिवस सांभाळायची हेही कंपनीच ठरवते. विंडोज दहाची नेहमीची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि पुढची आवृत्ती बऱ्याच जुन्या यंत्रांना चालत नाही.

याच्या उलट, १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू नावाच्या प्रकल्पाची घोषणा केली. कार्यक्रम कोणालाही चालवता यावा, वाचता यावा, बदलता यावा आणि दुसऱ्याला देता यावा, हे त्याचे सूत्र. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला. दोन्ही मिळून आज आपण ज्याला लिनक्स म्हणतो ते झाले. त्याच्या परवान्यात एक अट आहे. मी हे बदलून पुढे दिले तर मला मिळालेले हक्क घेणाऱ्यालाही दिले पाहिजेत.

आमच्या भागात हे समजवायला हळद पुरते. हळदीचे बेणे शेतकरी आपल्याच पिकातून राखतो, पुढच्या वर्षी लावतो, सोयऱ्याला देतो. कपाशीच्या बियाण्याची पिशवी मात्र दरसाल दुकानातून आणावी लागते. लिनक्स हे बेणे आहे. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ असे दोन्ही अर्थ निघतात, त्यामुळे तेथे घोटाळा होतो. मराठीत तो होण्याचे कारण नाही. येथे प्रश्न मुक्ततेचा आहे. फुकट तर आमच्या बाजारात विंडोजही मिळते, चोरून उतरवलेली. पण चोरीने घेतलेल्या वस्तूवर हक्क सांगता येत नाही, एवढे तरी आपण समजून घेतले पाहिजे.

टेबलावरच्या संगणकांत लिनक्स अल्पसंख्य आहे. इतरत्र तसे नाही. अँड्रॉइड मोबाईलचा गाभा लिनक्सचाच. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक याच प्रणालीवर चालत आले आहेत. आमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. लायगोच्या शास्त्रज्ञांचे गणितही लिनक्सवर चालते. तेव्हा हे गरिबाचे, दुय्यम प्रतीचे साधन आहे असे कोणी म्हणत असेल तर ते खोटे आहे.

आपल्याकडेही या कामाला इतिहास आहे. सन २००० च्या सुमारास मुंबईत वेंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांच्या पुढाकाराने ‘इंडलिनक्स’ हा भारतीय भाषांसाठीचा प्रयत्न सुरू झाला. मुंबईतच प्रा. जितेंद्र शहा यांच्या ‘इंडिकट्रान्स’ने मराठीकरणाचे काम केले आणि ‘गार्गी’ हा देवनागरीचा मुक्त फॉन्ट दिला. २००४ मध्ये ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली आले. २८ मे २००३ रोजी पुण्यात बोलताना तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी भारताने खुल्या प्रणालींकडे वळावे असे आवाहन केले होते. केरळात तर शाळाशाळांतून लिनक्स गेले. तेथे शिक्षकांच्या संघटनेने एका कंपनीच्या प्रणालीवर बेतलेल्या शिक्षणाला विरोध केला होता, ही गोष्ट आपल्या शिक्षकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी.

मग महाराष्ट्रात हे खेड्यापर्यंत का आले नाही? माझ्या मते याचे उत्तर केवळ तंत्रात नाही.

२००७ साली रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैरात धनगरवाडा येथील एकशिक्षकी शाळेत मुलांच्या हाती छोटे हिरवे-पांढरे संगणक आले. ‘प्रत्येक मुलाला एक संगणक’ या अमेरिकन योजनेतले, लिनक्सवर चालणारे. त्याआधी २००६ मध्येच केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही योजना नाकारली होती. वर्गखोल्या आणि शिक्षक यांची गरज आधी, असे मंत्रालयाचे म्हणणे. मुलांना त्या यंत्रांचा आनंद झाला, यात शंका नाही. परंतु ती योजना महाराष्ट्रभर पसरली नाही. पेरू देशाने हीच यंत्रे लाखोंनी घेतली. तेथील ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. गणित आणि भाषा यांतील प्रगतीवर यंत्रांचा परिणाम दिसला नाही. यंत्र मोकळे होते, पण त्याचा अभ्यासाशी सांधा जोडून देणारा माणूस पुरेसा तयार झाला नव्हता. उत्साही लोक हा भाग सांगत नाहीत.

मीही सांगत नव्हतो. पहिले वर्षभर मी जो भेटेल त्याला लिनक्सचे गुणगान ऐकवत होतो. विंडोज वापरणाऱ्या शिक्षकमित्राशी मी भांडलोसुद्धा. एके दिवशी बारावी झालेल्या एका मुलीने मला विचारले, “सर, तुम्ही म्हणता हे लई चांगलं हाय. पण एमएस-सीआयटीत विंडोजच विचारतेत. नोकरीच्या अर्जाला तेच सर्टिफिकेट लागतंय. मी काय करू?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिच्या आईने हळद वेचायच्या मजुरीतून त्या वर्गाची फी भरायची ठरवली होती. माझ्या तत्त्वासाठी तिने नोकरीची पायरी सोडावी काय? बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत राजकारणातल्या भक्तीविरुद्ध इशारा दिला होता. भक्ती यंत्राचीही जडते. मोकळ्या प्रणालीची भक्ती केली तर तीही आपल्याला बांधूनच टाकील.

दुसरी गोष्ट भाषेची. पडद्यावरची प्रणाली आम्ही मराठीत केली. मुलांनी विचारले, “सर, संचयिका म्हणजे काय?” फोल्डर म्हटल्याबरोबर त्यांना कळले. ज्यांनी हे भाषांतर केले त्यांनी मेहनत घेतली, पुष्कळदा बिनमोबदला घेतली, हे मान्यच आहे. पण शब्द ठरवताना आमच्या वस्तीतले कोणी तेथे बसलेले नव्हते. वास्तविक हे काम कोणालाही करता येते, दार उघडे आहे. तरी ते शिकलेल्या, शहरी, इंग्रजी जाणणाऱ्या थोड्यांकडेच राहिले. पूर्वी पोथी वाचायची बंदी होती. आज बंदी नाही, पण वाचायला लागणारा वेळ, वीज आणि इंग्रजी आमच्याजवळ नाही. परिणाम बराचसा तोच होतो.

येथे मला महाडची आठवण होते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ साली संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले असल्याचा ठरावही केला. तरी कोणी तळ्यावर जाऊ शकला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक तळ्यात उतरले, ओंजळ भरली, तेव्हा तो ठराव खरा झाला. त्यासाठी लोकांना मारही खावा लागला. संगणकाच्या मोकळेपणासाठी असा मार खावा लागत नाही, आणि या दोन गोष्टी एका मापाच्या आहेत असे मला मुळीच सुचवायचे नाही. पण एक धडा दोन्हींना लागू आहे. खुले असल्याचा नुसता कागद पुरत नाही. आपण जाऊन ते हातात घ्यावे लागते.

शाहिराच्या गाण्यांचे हेच झाले. आमच्या त्या विद्यार्थ्याने छापील बारा पाने पडद्यावरच्या ढिगाशेजारी ठेवली. पहिल्या ओळीतले ‘भीम’ कागदावर कसे आहे आणि पडद्यावर त्याच्या जागी कोणती चिन्हे आहेत, असे एकेक अक्षर जुळवत त्याने तक्ता तयार केला. जोडाक्षरांनी फार छळले. रफाराने तर आठवडा घेतला, कारण जुन्या फॉन्टात तो अक्षरानंतर येई आणि युनिकोडात आधी. मग त्याने पायथन या मोकळ्या भाषेत लहानसा कार्यक्रम लिहिला. त्या पाच जुन्या संगणकांपैकी एकावर लिहिला, रात्री वीज येई त्या वेळात. साठावर गाणी परत वाचता आली. काहींच्या फाइली सीडीवरच खराब झाल्या होत्या, ती कायमची गेली. शाहिराच्या पत्नीला पहिले गाणे वाचून दाखवले तेव्हा त्यांनी एक शब्द दुरुस्त केला. “आसं नव्हतं म्हणत ते, ‘उठा’ म्हणायचे,” त्या म्हणाल्या. तो शब्द छपाईकेंद्रातल्या माणसाने तेव्हाच चुकवला होता. आम्ही तो तेथल्या तेथे बदलला.

हे काम विंडोजवर झाले नसते काय? झाले असते. पायथन तेथेही चालते. प्रश्न प्रणालीच्या नावाचा नव्हताच. दुकानदाराने मोडीत काढलेल्या यंत्रावर, कोणाची परवानगी न घेता, एका मजुराच्या मुलाने आत हात घालून पाहिले, हे महत्त्वाचे आहे. ती सवय त्याला लिनक्सने लावली.

आता अभ्यासिकेत आम्ही असे करतो. तीन संगणकांवर लिनक्स आहे. उसनवारी आणि वर्गणीतून घेतलेल्या एका यंत्रावर रीतसर विकत घेतलेली विंडोज आहे, परीक्षेच्या सरावासाठी. त्या मुलीने त्यावर अभ्यास करून प्रमाणपत्र मिळवले. कोणत्याही प्रणालीवर बसा, पण मराठी युनिकोडातच लिहा, हा एक नियम मात्र सर्वांना सक्तीचा आहे. पडद्यावरच्या ज्या शब्दांना मुले अडतात ते एका वहीत लिहून ठेवतो. ती वही भाषांतर करणाऱ्यांकडे पाठवायची आहे.

वाचकांना एक विनंती. आपल्या घरी, संस्थेत, कपाटाच्या तळाशी जुन्या सीड्या, फ्लॉपी, बंद पडलेले संगणक असतील. त्यांत मेळाव्यांचे अहवाल असतील, कविता असतील, एखाद्या आईने सांगितलेली आत्मकथा असेल. त्या रद्दीत देऊ नका. त्यांतले जे कागदावर छापलेले मिळेल ते जपून ठेवा, कारण त्या बारा पानांवाचून आम्हालाही काही करता आले नसते. जवळच्या महाविद्यालयात संगणक शिकणारी आपली मुले आहेत. त्यांना बोलवा आणि हे काम द्या. सीड्या फार वर्षे टिकत नाहीत.